भाऊसाहेबांची पपई

कमलेश भोये यांनी लग्नानंतर बायकोच्या स्वयंपाकाबद्दल एकदाच मनापासून खरं मत दिलं होतं. ते सोयाबीनच्या इडलीबद्दल होतं. पहिला घास कसाबसा खाली उतरल्यावर ते म्हणाले होते, "नीता, ही गोफणीत घालून मारली ना, तर पाखरं पुढच्या सालीही शेतात उतरायची नाहीत."

नीताबाई हसल्या नाहीत. पुढचे दोन दिवस त्या नवऱ्याशी भिंतीमार्फत बोलल्या. "जेवण वाढलंय," असं त्या भिंतीला सांगायच्या आणि कमलेश निमूटपणे पाटावर येऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी भिंत मधून बाजूला झाली. "मी पहाटे उठून करायचं आणि तुम्ही नावं ठेवायची," त्या म्हणाल्या. "परत काही वेगळं करणार नाही." कमलेशला फार वाईट वाटलं. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की ताटात काय येईल ते येवो, आपल्या तोंडून चांगलंच बाहेर पडलं पाहिजे.

हा निश्चय ताजा असतानाच त्यांच्यापुढे पपई आली.

कमलेश जव्हारच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक होते. कामाला येणारे गावोगावचे लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. नीताबाई पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत शिकवत. मुलगी जयश्री शिकायला ठाण्याला मामाकडे होती, त्यामुळे घरात दोघंच. नीताबाई सकाळच्या जीपने निघून गेल्या, की कमलेश स्टँडवर जाऊन गरम बटाटेवडे, पाव आणि वर तळलेल्या मिरच्या असा नाश्ता करायचे. हे बरीच वर्षं सुखाने चाललं. मग श्रावणात एक दिवस कार्यालयाचा जिना चढताना त्यांना घेरी आली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, की रक्तात चरबी वाढली आहे, वडे बंद करा, सकाळी हलकं, ताजं, घरचं खा. भाकरी खा, एखादं फळ खा.

डॉक्टर 'एखादं फळ' म्हणाले होते. नीताबाईंनी ते 'पपई' असं ऐकलं. त्यात त्यांचा तसा दोष नव्हता. त्यांच्या माहेरी कोणत्याही दुखण्यावर पपईच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताटली पुढे ठेवली. पपईच्या फोडी एकसारख्या कापलेल्या, होडीसारख्या. वर लिंबू पिळलेलं, मीठ-मिरपूड भुरभुरवलेली. ताटलीकडे बघूनच कळत होतं, की यासाठी कोणीतरी लवकर उठलं आहे.

कमलेशला पपई सोसत नसे. वांगणीला लहानपण गेलं, तेव्हापासून नाही. तिचा रंग त्यांना आवडायचा, झाड आवडायचं, पण तिचा वास नको व्हायचा. पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीत कोणी गूळ बांधून ठेवावा, तसा तो वास त्यांना वाटे.

"कशी आहे?" नीताबाईंनी विचारलं. त्या समोरच उभ्या होत्या.

कमलेशने श्वास रोखला, फोड तोंडात टाकली, न चावता गिळली आणि ते वर पाणी प्यायले. समोर त्यांना भिंत दिसत होती.

"झकास," ते म्हणाले. आणि नुसतं झकास कोरडं वाटेल म्हणून पुढे म्हणाले, "रोज असली तरी चालेल."

नीताबाईंचा चेहरा असा उजळला, की ते वाक्य परत घेणं माणुसकीला धरून झालं नसतं.

मग ती रोज आली. कमलेशने दोनेक दिवस श्वास रोखून काढले. तिसऱ्या दिवशी नीताबाई वेणी घालायला आरशापुढे गेल्या असताना, मागच्या खिडकीशी शेजारच्या ठकी मावशींची शेळी येऊन उभी राहिली. तिने ताटलीकडे पाहिलं, कमलेशने शेळीकडे पाहिलं. पुढचं सगळं एका क्षणात झालं. नीताबाई परत आल्या तेव्हा ताटली स्वच्छ होती.

"इतक्यात संपवलीत?"

"हातच थांबत नाही," कमलेश म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. हात खरोखरच झपाझप चालला होता.

शेळी नेमाने येऊ लागली. ताटली नेमाने रिकामी होऊ लागली. नीताबाई ताटलीत चार फोडी जास्त ठेवू लागल्या, आणि कमलेश उपाशीपोटी कार्यालयात जाऊन दुपारच्या डब्याची वाट बघू लागले. वडे सुटले होते, पपई पोटात जात नव्हती; एकूण पथ्य फारच कडक चाललं होतं.

एवढ्यावरच राहिलं असतं तर गोष्ट शेळीपाशीच मिटली असती. पण भादव्यात पावसाने झोडपलं आणि बाजारात पपई मिळेनाशी झाली. कमलेशला मनातून बरं वाटलं. नीताबाईंना मात्र चैन पडेना. कमलेशच्या कार्यालयात नवसू नावाचा शिपाई होता, जामसरचा. तो एका संध्याकाळी कसलासा निरोप घेऊन घरी आला, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, "नवसूदादा, तुमच्या गावाकडे पपया असतील का हो? यांना फार लागतात. पपईशिवाय यांची सकाळच होत नाही."

"पपया?" नवसूचा चेहरा खुलला. "बाई, पपया किती पाहिजेत ते बोला."

दुसऱ्या दिवशी नवसू खांद्यावर अख्खं पोतं घेऊन कार्यालयात आला; पोतं घरी गेलं आणि सकाळची ताटली पुन्हा सुरू झाली. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण नवसू बोलका माणूस होता. भाऊसाहेबांना पपई लागते, ही बातमी त्याने जामसरला सांगितली, जामसरहून ती आजूबाजूच्या पाड्यांवर गेली, आणि आठवड्याभरात दाखल्याला येणारा, सहीला येणारा, नुसता चौकशीला येणारा, जो तो काखेत पपई घेऊन येऊ लागला.

"अहो बाबा, हे नको," कमलेश एका म्हाताऱ्याला हात जोडून म्हणाले. "हे सरकारी ऑफिस आहे. भेटी घेतलेल्या चालत नाहीत आम्हाला."

"भेट कसली? झाडची पपय हाय," म्हातारा म्हणाला. "पैसं आनलं असतं तं गोष्ट निराळी."

"पण लोक काय म्हणतील?"

"लोकांनीच तं सांगितला, भाऊसाहेबांना पपय लागते म्हनून." आणि टेबलावर पपई ठेवून, आपल्या कामाबद्दल एक शब्दही न बोलता तो निघून गेला. परत करायला कमलेश पायऱ्या उतरून धावले, तर खालून दुसरा एकजण येत होता. त्याच्याकडे दोन होत्या.

घरी न्याव्यात तर नीताबाई कापणार. टेबलावर ठेवाव्यात तर साहेब बघणार. कमलेशने त्या जुन्या फायलींच्या कपाटात ठेवल्या. त्या कपाटाला सहसा कोणी हात लावत नसे. कच्च्या पपया तिथे फायलींच्या मधे शांत पडून राहिल्या. मग शनिवार-रविवार आला, सोमवारी कसलीशी सुट्टी आली, आणि मंगळवारी कार्यालय उघडलं तेव्हा साहेब दारातच थबकले.

"भोये, कसला वास हा?"

साहेब नाशिककडचे होते, नवीन बदली होऊन आलेले. वासाचा माग काढत ते थेट कपाटापाशी गेले आणि त्यांनी दार उघडलं. आतून एक पिवळीधमक पपई गडगडत आली आणि त्यांच्या बुटापाशी फुटली. बाकीच्या एका जुन्या प्रकरणावर व्यवस्थित पिकल्या होत्या.

"ह्या पपया, साहेब," कमलेश म्हणाले.

"ते दिसतंय. फायलींत का?"

कमलेशने फुटलेली पपई बुटापासून बाजूला सारली. "पिकायला, साहेब. पेंढ्यात ठेवतात तशा. पेंढा नव्हता."

साहेबांनी फायलींकडे पाहिलं, पपयांकडे पाहिलं. ओरडावं की नाही हे ठरवायला त्यांना थोडा वेळ लागला. "इतक्या वर्षांत या फायलींचा कोणाला तरी उपयोग झाला म्हणायचा," ते शेवटी म्हणाले. "नवसू, सुरी आण. भोयेंना पपईचं फार वेड आहे असं ऐकलंय. बघू तरी."

सगळं कार्यालय भोवती जमलं. नवसूने कौतुकाने मोठी फोड कापून हातात दिली. कमलेशने श्वास रोखला, डोळे मिटले आणि ती संपवली. डोळे उघडले तेव्हा त्यातून पाणी वाहत होतं.

साहेब गंभीर झाले. "भोये, खरं सांगतो, एखाद्या फळावर एवढं प्रेम करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला," ते म्हणाले, आणि दुसरी फोड त्यांनी स्वतःच्या हाताने कमलेशला दिली.

उरलेल्या पपया पिशव्यांत भरून संध्याकाळी कमलेश घरी आले. आता शेळीचाच काय तो आधार होता. पण इतके दिवस रोज पपई खाऊन शेळीचंही मन विटलं होतं. खिडकीतून फोड दिसताच ती मान फिरवून उभी राहिली. कमलेशने तिला चुचकारलं, पाठ थोपटली, फोड तोंडाजवळ नेली. ती सरळ चालू लागली. आपल्याला जे दीड महिन्यात जमलं नाही, ते या मुक्या जनावराने किती सोपं करून दाखवलं, असं कमलेशला वाटून गेलं.

मग त्यांनी कुदळ काढली. घराच्या मागे रिकामी जागा होती. नीताबाई ठकी मावशींकडे गप्पा मारायला गेल्या, की ते मागे जाऊन खड्डा खणायचे, सकाळच्या ताटलीतल्या लपवून ठेवलेल्या फोडी आणि दिवसभराच्या पपया त्यात टाकायचे आणि वर माती लोटून हातपाय धुऊन घरात येऊन बसायचे. माती ओली होती, काम हलकं होतं. ते त्यांना जमून गेलं.

पावसाळी माती कोणाचं गुपित ठेवत नाही. नवरात्राच्या सुमारास एका रविवारी नीताबाई गोधड्या वाळत घालायला मागे गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली. "अहो, जरा इकडे या."

कमलेश गेले. मागच्या सगळ्या जागेत पपईची रोपं उगवली होती. एक नाही, दोन नाही, दाट, हिरवीगार, शाळेत प्रार्थनेला पोरं उभी राहावीत तशी.

"हे काय आहे?" नीताबाईंनी विचारलं.

आता सगळं सांगून टाकावं, असं ठरवून कमलेशने तोंड उघडलं. "नीता, मी तुला सांगणारच होतो—"

"मला ठकी मावशी म्हणाल्या होत्या," नीताबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ओला झाला. "तुझा नवरा रोज संध्याकाळी कुदळ घेऊन मागं काहीतरी करत असतो, म्हणाल्या. मी म्हटलं, छे, यांना कुठली झाडांची हौस. आणि मी दोन वर्षं म्हणतेय, पाड्यावर घरोघरी फळझाड पाहिजे, रोपं कुठून आणू, रोपं कुठून आणू. तुम्ही ऐकत होतात तर."

त्यांनी पदराने डोळे टिपले. कमलेशने उघडलेलं तोंड हळूच मिटलं.

"किती रोपं केलीत," त्या म्हणाल्या. "आणि एका शब्दाने बोलला नाहीत."

"बोलायचं काय त्यात," कमलेश म्हणाले.

अशा रीतीने दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी, पाड्यावरच्या शाळेत पालकांचा मेळावा ठरला. विषय होता सकाळची न्याहारी. रोपं वाटायची होती, आणि ती ज्यांनी वाढवली, त्या भाऊसाहेबांच्या हस्ते वाटायची होती. नवसूने रोपं पिशव्यांत भरायला मदत केली आणि हौसेने तोही बरोबर आला. जीपमध्ये मांडीवर रोपं घेऊन बसलेल्या कमलेशला आपण आपल्याच गुन्ह्याचा पुरावा घेऊन कोर्टात चाललो आहोत, असं वाटत होतं.

शाळेपुढच्या अंगणात पाड्यावरची माणसं जमली होती. बायका मुलांना घेऊन पुढे, पुरुष मागे बांधावर. मधे टेबल, टेबलावर परातीत कापलेल्या पपया. गावातलं वडीलधारं माणूस म्हणजे पुंजाबाबा. त्यांनी कमलेशला नारळ दिला आणि शेजारच्या खुर्चीवर बसवलं. वारा परातीकडून खुर्चीकडे येत होता.

नीताबाई चांगलं बोलल्या. सकाळी उपाशी पोटी शाळेत आलं की अभ्यासात लक्ष लागत नाही, मोठ्यांनीही काही खाऊनच कामाला जावं, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आता आमच्या घरचंच सांगते. डॉक्टरांनी यांना फळ खा म्हटलं. त्या दिवसापासून हे रोज पपई खातात. एक दिवस चुकवली नाही. चांगलं खायचं असेल, तर हे आवडतं, ते आवडत नाही, असं करून चालत नाही."

त्यांनी परातीतून एक फोड उचलली आणि पहिल्याच रांगेत बसलेल्या तिसरीतल्या धाकलीपुढे धरली. "घे, धाकले."

धाकलीने नाक मुरडलं. "मला नको, बाई. वास येतो."

"त्याला काय होतंय? खाऊन बघ."

"खाल्लीय. मला उलटी होते."

"नाक दाब आणि गिळून टाक," नीताबाई समजावत म्हणाल्या. "बघ, काका पण खातात की नाही. आपण दोघांना एकदमच देऊ." त्यांनी दुसरी फोड कमलेशच्या हातात दिली.

सगळं अंगण बघत होतं. धाकलीने आज्ञाधारकपणे नाक चिमटीत धरलं. तिचे डोळे आधीच पाण्याने भरले होते. तिची आजी सकू मागून म्हणाली, "खा गो, बाई सांगतात तं." धाकलीने श्वास रोखला आणि फोड ओठांपाशी नेली.

श्वास कसा रोखायचा, जीभ कशी बाजूला घ्यायची, पाण्याचा घोट कधी घ्यायचा, हे सगळं कमलेशला त्या पोरीच्या चेहऱ्यावर जसंच्या तसं दिसलं. स्वतःसाठी त्यांनी आणखी वर्षभर खोटं रेटलं असतं. पण हे त्यांना बघवेना.

"थांब, बाळा," ते म्हणाले. "नको खाऊस."

नीताबाईंनी वळून पाहिलं.

"तिला नको देऊ, नीता. मलाही नाही आवडत."

"काय नाही आवडत?"

"पपई."

नीताबाईंना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "तुम्ही तर रोज खाता."

"नाही खात."

"मग ताटली रिकामी कशी होते?"

"शेळी," कमलेश म्हणाले. आता सुटका नव्हती. "ठकी मावशींची. सुरुवातीला तिने खाल्ली. पुढे तिलाही नकोशी झाली."

बांधावरून कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. नीताबाईंची नजर हळूहळू टेबलाशेजारच्या रोपांकडे गेली.

"आणि ही रोपं?"

"ती पुरलेल्या पपयांची," कमलेश म्हणाले. "लावली नव्हती मी. लपवली होती. उगवतील हे माझ्या लक्षातच आलं नाही."

एका बाईने पदर तोंडाला लावला. तिच्या शेजारणीने तिला कोपराने ढोसलं, पण तिला स्वतःलाच आवरेना. धाकलीने मात्र नाकावरची चिमटी काढली आणि भाऊसाहेबांकडे, आपल्या जातकुळीचं कोणीतरी भेटल्यासारखं पाहिलं.

इतक्यात पुंजाबाबा काठी टेकत उठले. आता भाऊसाहेबांना बोलणी बसणार, असं वाटून नवसू खाली बघू लागला.

"बाई, येक सांगू?" पुंजाबाबा म्हणाले. "आमच्या घरी पपय कोनीच खात नाय. झाड हाय, पपया लागतात, पाखरं खातात. भाऊसाहेबांना आवडते कळला, तवा आमाला बरा वाटला. सगळ्या काढून नवसूच्या हातानं धाडल्या."

नीताबाई नवसूकडे वळल्या.

"जामसरलाबी तसाच, बाई," नवसू जमिनीकडे बघत म्हणाला. "आमच्या घरातबी नाय खात. म्हनून तं पोतं भरून आनला."

मग मात्र सगळं अंगण हसलं. मागचे पुरुष हसले, बायका हसल्या, मुलं का हसायचं ते न कळताच हसली. कमलेशला नवसूचं पोतं आठवलं, काखेत पपई घेऊन आलेले म्हातारे आठवले, पायऱ्यांवरून निर्धास्तपणे उतरत गेलेल्या त्यांच्या पाठी आठवल्या. सगळा मुलूख आपल्या घरची नको असलेली पपई मोठ्या प्रेमाने एकाच माणसाच्या गळ्यात घालत होता.

"मला आवडते की," मधेच सकूआजी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"मला लय आवडते," सकूआजी जरा रागानेच म्हणाली. "आमच्या दारी झाड नाय. मला कोनी येक दिली नाय इतक्या दिसांत. सगळी त्या जव्हारला."

कमलेश खुर्चीवरून उठले आणि त्यांनी अख्खी परात उचलून सकूआजीपुढे ठेवली. तिने एक फोड घेतली, सावकाश चावली, डोळे मिटले. इतक्या महिन्यांत पपई खाऊन खरंखुरं सुखावलेलं तोंड कमलेशने पहिल्यांदा पाहिलं. आणखी दोघीतिघी, आम्हालाही आवडते, म्हणत परातीभोवती सरकल्या.

नीताबाई टेबलापाशी तशाच उभ्या होत्या. त्यांना रागही आला होता आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम चेहऱ्यावर आल्यामुळे त्यांचं काही चालत नव्हतं. शेवटी त्या धाकलीपाशी खाली बसल्या.

"सकाळी काय खाऊन येतेस गं तू?"

"भाकर."

"कसली?"

"नागलीची. आन् भुईमुगाची चटणी. कधी दूध-भाकर."

"आवडते?"

धाकलीने जोरात मान हलवली.

"मग तीच खा. तुझ्यासाठी तीच चांगली," नीताबाई म्हणाल्या. उठून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "मगाशी मी बोलले ना, आवडनिवड करून चालत नाही, ते सोडून द्या. पोटाला चांगलं असं किती काय काय असतं. त्यातलं ज्याला जे गोड लागतं, ते त्याने खावं. नाक दाबून कोणी काही खायचं नाही." मग जरा थांबून त्या नवऱ्याकडे वळल्या आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "भोये, तुम्हाला कोणतं फळ आवडतं?"

"पेरू," कमलेश उभे राहून म्हणाले. "केळीसुद्धा चालतात."

रोपं वाटली गेली, पण विचारून. ज्यांना पपई आवडत होती त्यांनी नेली, आणि सकूआजीने दोन जास्तीची नेली. मेळावा ठरल्यापेक्षा बराच उशिरा संपला, कारण कोणाला काय आवडत नाही, हे प्रत्येकालाच सांगायचं होतं.

परतीच्या जीपमध्ये नीताबाई कमलेशच्या शेजारी बसल्या होत्या. घाटाची वळणं गेली, जव्हार जवळ आलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला पपईचं काही वाटलं नाही. तुम्ही मला घाबरलात, त्याचं वाटलं."

"इडलीच्या वेळी तू दोन दिवस बोलली नव्हतीस."

"ती इडली दगडच झाली होती," नीताबाई म्हणाल्या. "मी माझ्या ताटातली खाल्ली होती का? नीट आठवून बघा."

कमलेशने आठवून बघितलं. त्यांना त्या दिवशीचं फक्त स्वतःचंच ताट आठवत होतं.

"मग रागावलीस कशाला?"

"दगड झाली म्हणायला माझी ना नव्हती. गोफण कशाला काढायची?"

हे कमलेशला पटलं. पुढे बसलेला नवसू ऐकत होता. त्यालाही पटलं असावं, कारण त्याने मान डोलावली.

दुसरा दिवस रविवारचा. सकाळी ताटलीत नागलीचं धिरडं आलं, कांदा-कोथिंबीर घातलेलं, कडेने कुरकुरीत, बरोबर लसणाची चटणी आणि चिरलेला पेरू. कमलेशने एक खाल्लं, मग दुसरं मागितलं. या वेळी नीताबाई समोर बसून स्वतःही खात होत्या.

"कसं झालंय?"

"फार छान झालंय," कमलेश म्हणाले. मग धीर करून म्हणाले, "कोथिंबीर थोडी कमी चालेल."

"बरं," नीताबाई म्हणाल्या, आणि तव्यावरच्या पुढच्या धिरड्यात त्यांनी कोथिंबीर कमी घातली. एवढं सोपं होतं ते. कमलेशला आपल्या कुदळीचं वाईट वाटलं.

मन असं हलकं झालेलं असतानाच संध्याकाळ झाली आणि त्यांनी चहा टाकला. लग्न झाल्यापासून संध्याकाळचा चहा त्यांच्याकडे होता. नीताबाई दिवसभर शाळेत बोलून येतात, घसा बसतो, म्हणून ते त्यात चांगली चमचाभर सुंठ घालायचे आणि उकळ उकळ उकळायचे. कप बायकोच्या हातात देऊन ते रोज जरा चौकापर्यंत फिरून येत. आज ते पायरीवर नीताबाईंच्या शेजारी बसले.

"नीता, आता खरं बोलायचंच ठरलंय, तर तूही सांग," ते मोठ्या मनाने म्हणाले. "माझा चहा कसा होतो?"

नीताबाईंनी कपात पाहिलं. मग त्यांनी अंगणातल्या जास्वंदीकडे पाहिलं. जास्वंद चांगली तजेलदार होती, कौलांपर्यंत गेली होती, आणि आळीत कोणाकडेच नव्हती एवढी फुलं तिला होती.

"मला सुंठ लहानपणापासून चालत नाही," त्या म्हणाल्या.

कमलेशने कपाकडे पाहिलं आणि मग त्या झाडाकडे.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"पाहुणे असले की प्यायचे."

कमलेशने त्यांच्या हातातला कप घेतला, उठून तो स्वतःच जास्वंदीच्या बुंध्याशी ओतला आणि ते आत गेले. भांडं घासल्याचा आवाज आला. मग स्टोव्ह पेटला.

"काय घालू?" त्यांनी आतून विचारलं.

"गवती चहा," नीताबाई पायरीवरूनच म्हणाल्या. "आणि साखर थोडी जास्त. आणि फार उकळू नका."